वरची घागर झाडाची

रेवा, तू गेलीस त्याला आज एकोणीस दिवस झाले, आणि बागेचं पाणी एक दिवसही चुकलेलं नाही, हे आधी सांगते. नाहीतर तू तिकडे बसून नुसती चडफडत राहशील. काल अक्षय तृतीया, आपली आखाजी, झाली. झोका बांधला. कशावर बांधला ते शेवटी सांगेन. तुला घाई असते, माहीत आहे मला, पण आता ऐकल्याशिवाय तुझी सुटका नाही. आयुष्यभर तू बोललीस आणि मी मान हलवली. आता पाळी माझी.

तुझ्याबद्दल लिहायला बसले तेव्हा सून म्हणाली, "सासूबाई, आधी त्यांचं माहेर लिहा." मी म्हटलं, अगं, तिला माहेर असतं तर ही बाग कशाला झाली असती?

आठवतं ना? मी या गावात नवी होते. माझी पहिली आखाजी आली तेव्हा कोरीटहून माझा भाऊ बैलगाडी जुंपून मला न्यायला आला. बैलांच्या शिंगांना रंग, गाडीत नवी सतरंजी. आमच्या गल्लीतून अशा सात-आठ गाड्या निघाल्या. सगळ्या सासुरवाशिणी खुलून हसत होत्या. आणि तू समोरच्या ओट्यावर उभी होतीस. हातात सूप. सुपात धान्य नव्हतंच, रिकामं सूप पाखडत होतीस. तापीकाठचं तुझं घर पटकीच्या साथीत बसलं होतं. आई नाही, बाप नाही, भाऊ तर मुळातच नव्हता. तुझ्या गुजर लोकांत सोयरे पुष्कळ, पण आखाजीला बहिणीला आणायला जो येतो, तो एकच असतो. तो तुला नव्हता.

मी गाडीतून हात हलवला. तू सूप वर केलंस आणि ओरडलीस, "जाय वं बना, दोन झोका मन्हा नावना बी घेजो!" मी घेतले. खरं सांगते, दोनच्या जागी चार घेतले. पण तिथे झोक्यावर उंच गेल्यावर मला तुझं ते रिकामं सूपच दिसत होतं.

पुढे पंधरा-सोळा वर्षांनी त्या पडीक जागेचा विषय निघाला. कचेरीमागची. उकिरडा, बाभळी आणि गाढवं. तुझे जेठ, थोरले दीर, म्हणजे आपले बापू, गावाचे सरपंच. त्यांनी ठरवलं की तिथे कापसाच्या गाड्या उभ्या करायला तळ करायचा. तसं वाईट नव्हतं ते. हंगामात गाड्यांनी रस्ता अडायचा, खरंच. पण तू माझ्या घरी आलीस, पाट ओढलास आणि म्हणालीस, "बना, तठे झाडं लावूत. गावमा ज्या बाईले माहेर नही, तिन्ही आखाजी तठे करूत. झाडले झोका बांधूत. बागच आपलं माहेर."

मी म्हटलं, "बापूंना सांगणार कोण?"

तिथेच सगळं अडलं. जेठासमोर तू पदर हनुवटीपर्यंत ओढायचीस. वीस वर्षं एका घरात राहून तुम्ही दोघं एक शब्द बोलला नव्हतात. त्यांची चाहूल लागली की तू भिंतीकडे तोंड करायचीस. तुमच्यात तशीच रीत. आणि गावात तुझ्याइतकं तोंड कोणाचं चालत नव्हतं, हीही गंमतच.

पण तू वाट काढलीस. दुसऱ्या दिवशी नदीवरून पाणी घेऊन आपण येत होतो. तुझ्या डोक्यावर खाली हंडा, वर घागर. कचेरीच्या पायरीवर बापू कोतवालाशी बोलत बसलेले. तू थांबलीस. वरची घागर उतरवून जमिनीवर ठेवलीस, पदर ओढलास, आणि बापूंकडे पाठ करून त्या घागरीशी बोलायला लागलीस.

"ऐक वं घागर. मागनी जागामा गाडीतळ करना शे म्हने. करोत बापडा. पन तीन आखाज्या थांबोत. तिसरी आखाजीले भर दुपारले दहा बाया तठे झाडनी सावलीमा बठन्यात नही, तं खुशाल गाड्या उभ्या करोत. घागर, तू साक्षीदार शे."

कोतवालाच्या हातातली चिलीम तशीच राहिली.   बापू मिशीतल्या मिशीत म्हणाले, "कोतवाल, ती घागरले सांगी दे, तीन आखाज्या दिन्यात. चवथी भेटाव नही."

तू घागर उचललीस आणि माझ्याकडे पदराआडून एक डोळा मिचकावलास. तो डोळा मला अजून दिसतो.

मग पाऊस लागला आणि रोपं आणायचं काम तू माझ्यावर टाकलंस. आता इथे थांबते, रेवा, कारण हे मी कालपर्यंत चारचौघांत कधी बोलले नव्हते. तू म्हणाली होतीस, निंबाचीच रोपं आण, निंबाची फांदी झोक्याला दगा देत नाही. मी डाक बंगल्यामागे गेले. झिमझिम चालू, अंधारून आलेलं, आणि बरोबर माझी नणंद. तिच्या मुलीला आलेल्या स्थळाच्या गप्पा चालल्या होत्या. झाडाखाली वीतभर रोपांचं रान उगवलेलं. मी बोलता बोलता उपटत गेले. टोपलं भरलं. पानाकडे कोण बघतं? मला सगळं निंबच दिसत होतं.

आपण तीस खड्डे केले. बाभळी तोडताना तुझ्या पायात काटा मोडला, तो तू दातांनी ओढून काढलास. आणि नियम केलास, तोही दवंडी न पिटता. नदीवरून येणाऱ्या प्रत्येक बाईला रस्त्यात अडवून सांगायचीस, "खालना हंडा घरना, वरनी घागर झाडनी." कुणी म्हणे सासू रागावते. तू म्हणायचीस, "सासूले सांग, घागर फुटली." एका उन्हाळ्यात गावात इतक्या पितळी घागरी फुटल्या, की सासवांना कळायचं ते कळलं. पण मग त्यांच्यातल्याच दोघी-तिघी संध्याकाळी काठी टेकत यायच्या आणि आळ्यातलं तण उपटत बसायच्या. त्यांनाही माहेर कुठे उरलं होतं?

एकदा तळोद्याहून विकासाचे साहेब जीपने आले. आपल्याला आळी करताना बघून म्हणाले, "वा, हे खरं श्रमदान!" ते गेल्यावर तू मला विचारलंस, "बना, हाई दान कसं काय व्हयनं वं? आपलं घर झाडी काढं तं कोनी दान म्हनस का?"  

दोन वर्षांत झाडं अशी वाढली की सगळं गाव बघायला यायचं. आपल्याला वाटायचं, आपल्या हाताला गुण आहे. भाद्रपदात पोरी भुलाबाईची गाणी म्हणायला तिथे जमायला लागल्या. होळीच्या आधी डोंगरातले पावरा लोक बाजाराला उतरले, की ढोल झाडाला टेकवून तिथेच विसावा घ्यायचे. तू त्यांना गूळ-पाणी द्यायचीस आणि बदल्यात झाडाला एकेक घागर घालून घ्यायचीस. फुकट काही नव्हतं तुझ्याकडे.

आणि तिसरा हिवाळा आला. पौषात एकेका झाडाची पानं गळायला लागली. माघापर्यंत तीसच्या तीस झाडं नुसत्या काठ्या झाली. वर पिवळ्या गोळ्यांचे घोस तेवढे लोंबत राहिले. लोक म्हणाले, वाळली. कोतवाल दोरी घेऊन गाडीतळ मोजायला आला. तू त्या वाळल्या काठ्यांच्या आळ्यात घागरीमागून घागर ओतत राहिलीस. तशी मी तुला फार कमी बघितली. ओट्यावर रिकामं सूप पाखडणारी तू आणि ती तू, तेवढ्या दोनच वेळा.

तेव्हा आली आपली दिवलीबाई. डोंगरातून चारोळी विकायला यायची ती. तिने टोपली खाली ठेवली, अंगठ्याच्या नखाने खोडाची साल खरवडली. आत हिरवंगार.

"मरेल नही वं," ती म्हणाली, "झोपेल शे. पन हाऊ निंब नही. बकाण शे. हाऊ मोठा व्हयना का दर हिवाळामा झोपस."

मला वाटलं जमीन दुभंगावी. तू माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्याकडे. मग तू हळूच विचारलंस, "दिवली, बकाणले झोका बांधता येस का?"

"बांध ना," दिवलीबाई म्हणाली, "फांदी मोडी, मंग तुन्ही कंबर मोडी."

कोतवाल तिथेच होता, त्यामुळे संध्याकाळपर्यंत गावभर झालं. निंब म्हणून बकाण लावलं, बायांची अक्कल! पाणवठ्यावर हसू, चावडीवर हसू. मी दोन दिवस घराबाहेर पडले नाही. तिसऱ्या दिवशी तू मला हाताला धरून ओढत कचेरीसमोर नेलंस. मला वाटलं, आता सांगणार, बनाने आणली रोपं. मी मनात तयारी केली होती.

तू घागर खाली ठेवलीस. "ऐक वं घागर. गाव हसी ऱ्हायनं, हसू दे. निंब तीन वरीसमा गुडघाइतला व्हस. माले मालूम व्हतं. म्हनीसनी मीच बकाण लावं. सावलीनी पैज शे, निंबनी नही."

मीच बकाण लावं. किती सहज म्हणालीस, रेवा! माझी चूक तू पदरात घेतलीस आणि तीही अशी मिरवत, जणू दागिना होता.  पायरीवर बसलेल्या बापूंनी गाडीतळाच्या हिशेबाचा कागद उलटा करून ठेवला. आणि वाटेत मी रडायला लागले तेव्हा तू म्हणालीस, "रडस काबर? माले खरंच मालूम व्हतं."

"खोटं!" मी म्हटलं.

"खरं."

इथून आपलं भांडण सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. पापड लाटताना, कापूस वेचताना, तुझ्या नातवाच्या बारशात. तुला माहीत होतं की नव्हतं? तू रोपं हातात घेतली होतीस, खड्ड्यात लावली होतीस, तुला पान ओळखता येत नव्हतं? मग बोलली का नाहीस? आणि माहीत नव्हतं, तर इतक्या ठामपणे कशी बोललीस? शेवटच्या आठवड्यात मी तुझ्या उशाशी बसले होते. म्हटलं, आता तरी सांग. तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "पानी घालं का?" मी म्हटलं, घातलं. तू मिटून घेतलेस. झालं. तेवढंच.

पण आता ती आखाजी सांगते. तुला माहीत आहे तरी सांगते, कारण मला ती सांगायला आवडते.

चैत्र लागला आणि बकाण जागं झालं. आधी पानं, मग फुलं. जांभळी, बारीक, आणि वास असा की कचेरीतले कारकून खिडक्या उघड्या ठेवायला लागले. सावली पडली, पण झोक्याचं काय? तू म्हणालीस, "झोका नही तं आखाजी कसानी?" त्या वर्षी बापूंनी मळ्यातल्या विहिरीवर इंजिन बसवलं होतं. मोट सुटली होती. मोटेचे सागवानी खांब, आडवं लाकूड आणि मनगटाएवढा जाड दोर, तिचा नाडा, गोठ्यात पडून होता. तू सालदाराला काय सांगितलंस देव जाणे. आखाजीच्या सकाळी बापूंची मोट बागेत उभी होती आणि तिच्या नाड्यावर पाट बांधलेला होता.

त्या दिवशी सकाळीच माझा भाऊ कोरीटहून गाडी घेऊन आला. मी म्हटलं, "दादा, मी येत नाही." तो भडकला. "माहेर सोडं का तू? माय वाट दखी ऱ्हायनी!" मी म्हटलं, "आईला सांग, पुढच्या वर्षी येईन. यंदा मला दहात बसायचंय." त्याला काही कळलं नाही. रागारागाने गाडी वळवली, आणि मग बैल बागेपाशी सावली बघून थांबले ते हलेचनात. शेवटी तोही उतरला. नंतर खापरावरच्या पुरणपोळ्या आणि रस कोणी जास्त खाल्ला, ते मी लिहीत नाही.

दुपारी ऊन डोक्यावर आलं. बापू आले. मागे कोतवाल, मागे निम्मं गाव. तू पदर ओढलास. बापूंनी कोतवालाला खूण केली, मोज. त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. दोन्ही हातांची बोटं संपली तसा तो थांबला. आणि बाया तर अजून खूप होत्या. सोनाराची विधवा सून होती, शिंप्याची दूरच्या मुलखातून आणलेली बायको होती, जिचं माहेर कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं. दिवलीबाई टोपलीसकट बसली होती. सगळ्या सासवा होत्या.

तू घागरीला म्हणालीस, "ऐक वं घागर, कोतवालले दहाना पुढला आकडा येत नही का?"

काय हसलं गाव! तो कोतवालसुद्धा हसला. बापूंनी मान वर केली, फुलं बघितली, मग आपली मोट बघितली. नाड्याला हात लावला. मला वाटलं आता गडगडणार. पण ते कोतवालाला एवढंच म्हणाले, "गाड्या नदीनी बाजूले लावाले सांग." आणि गेले. वळून बघितलं नाही. पण चालणं हळू होतं, मी पाहिलं.

मग तू झोक्यावर बसलीस. मी मागून ढकललं. पहिल्याच झोक्याला तुझा पदर उडाला आणि तू तो सावरला नाहीस. वर जाऊन गायलीस, स्वतः जुळवून:

भाऊ नही उना, नही उना वं माय,
बागनी धाडी गाडी!

तुझा आवाज फाटका. सूर नाही, ताल नाही. पण खाली बसलेल्या सगळ्या बाया रडत होत्या आणि हसत होत्या, आणि मी ढकलतच होते. चार झोके तुझ्या नावाचे मी घेतले होते ना माझ्या पहिल्या आखाजीला, ते सगळे फेडले तुला.

त्याच पावसाळ्यात बकाणाच्या सावलीत तू खरा निंब लावलास. एकच. या वेळी पान माझ्या नाकासमोर धरलंस. "दख, हाऊ निंब शे. चव घे." मी चावलं. कडू जहर. तू पोट धरून हसलीस.

आता कालचं.

या वर्षी झोका निंबावर बांधला, रेवा. पहिल्यांदाच. दिवलीबाईच्या लेकीने फांदीला लोंबकळून बघितलं आणि म्हणाली, चालेल. नाडा तोच, मोटेचा. आणि पहिला झोका घ्यायला सगळ्यांनी मला बसवलं. या वयात! वर गेले आणि मला राहवलं नाही. ओरडूनच सांगून टाकलं. बायांनो, बकाण रेवाने नाही लावलं, रोपं मी आणली होती, चूक माझी होती, ती माझ्यासाठी खोटं बोलली.

 खालून सोनाराची सून म्हणाली, "बनाबाई, आम्हले मालूम शे."

"कधीपासून?"

"रेवाबाईनीच सांगं. म्हने, कोनले सांगू नको, बना लाजस."

दुसरी म्हणाली, "माले बी हाईच सांगं." तिसरी म्हणाली, मलाही. अगं, तू गावातल्या एकूण एक बाईला सांगून ठेवलं होतंस, आणि प्रत्येकीला शपथ घातली होतीस! दहा वर्षं मी एकटीच जपत बसले होते. झोका खाली येईपर्यंत मी हसून हसून बेजार झाले. पदराने डोळे पुसले ते मात्र हसण्याचे नव्हते.

तेवढ्यात बाया एकदम बाजूला झाल्या. बापू आले होते. आता काठी लागते त्यांना. तुझा थोरला त्यांच्या मागे होता. आखाजीच्या दिवशी, गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. तुझ्या घरी तुझी पहिली घागर भरली होती, ती बापूंनी देवघरापुढून उचलायला लावली आणि बागेत आणली. निंबाखाली ठेवली. डांगर बाजूला काढलं. आणि बाकी कोणाकडे न बघता, कोतवाल शेजारी असूनही त्याला न सांगता, ते स्वतः त्या घागरीशी बोलले. अडखळत बोलले, कारण त्यांना सवय नव्हती.

"ऐक वं घागर. रेवाले सांगजो. कागद करी टाकेल शे, हाई जागा बागनीच ऱ्हाई. मी नसनू तरी." मग थांबले. वर झोक्याकडे, खाली बसलेल्या बायांकडे बघितलं. "आनि सांगजो, आज मी मोजाले बठनू. दहाना पुढला आकडा माले बी येत नही."

सगळी घागर त्यांनी निंबाच्या बुंध्याशी ओतली.

पहिल्यांदा तुझं नाव घेतलं त्यांनी, रेवा. जेठ तुझ्याशी बोलले. आता पदर राहू दे बाजूला, आणि दे उत्तर.